काल्याच्या दिवशीची खबर

या, असे जवळ येऊन बसा. टाळ खाली ठेवा. चपला राहू देत बाहेर, देवाच्या दारातनं कोणी नेत नाही. आणि नेल्याच तर ज्याला गरज होती त्यानं नेल्या म्हणायचं. आज कथा देवाची नाही, पण त्याच्या अंगणातली आहे. बेहड्याच्या राईतले आण्णा गेल्याचं आपण मागं ऐकलं. भरल्या भाद्रपदात, पाऊस थांबलेल्या एका दुपारी गेले. आता त्यांच्यामागं त्या घरानं पहिला काला कसा केला ते ऐका. फार मोठं काही घडत नाही यात. एक नाव घ्यायचं की नाही, एवढीच गोष्ट आहे. पण ज्या घरात एखादं नाव घ्यायचं थांबलंय, त्या घरातल्या माणसाला विचारा ती केवढी असते.

बेहड्याची राई तुम्हाला ठाऊक आहे. जोतिबाच्या वाटेवर डोंगराच्या अलीकडं डाव्या हाताला वळलं की रस्ता झाडांत शिरतो आणि ऊन मागंच थांबतं. आत करंज, आंबे, जांभळी, मधोमध जुना बेहडा, बेहड्याखाली दत्ताचा पार, आणि झाडांना विचारून बसल्यासारखी पाच-पंचवीस घरं. राईचा नियम एकच. उभ्या झाडाला कोयता लावायचा नाही. वाऱ्यानं पाडलं ते सप्ताहाच्या चुलीचं.

आणि राईची रीत म्हणजे खबर. दत्तजयंतीच्या सप्ताहात काल्याचं कीर्तन संपलं, हंडी फुटली, की पानं मांडायच्या आधी आण्णांच्या घरचा कर्ता माणूस पारावर उभा राहतो आणि वर्षभराची खबर सांगतो. कुठलं झाड कधी फुललं, कोण जन्मलं, कोण गेलं. शेवटी परगावी असलेल्या राईच्या माणसांची नावं घेतो. नाव घेतलं की त्या घरातनं कोणीतरी म्हणतं, “हाय.” म्हणजे आमचं आहे, लांब असलं तरी आहे. मगच खिरीचा पहिला डाव पडतो.

त्या नावांत आठ वर्षं अनुजाचं नाव नव्हतं. आण्णांच्या सख्ख्या मुलीचं.

काल्याच्या आदल्या संध्याकाळी आण्णांच्या बायकोनं, झुंबरबाईंनी, थोरल्या लेकाला, अमरसिंहाला, जेवायला वाढता वाढता एवढंच सांगितलं होतं, “उद्या अनूचं नाव घे.” अमरसिंहानं भाकरी मोडली होती आणि कालवण मागितलं होतं.

*

सकाळी तेजस्वी गोठ्याच्या दाराशी खोबरं खोवत बसली होती. आत तिचा नवरा म्हशींपुढं उभा राहून खबर घोकत होता.

“चैतात करंज फुटला. वैशाखात पिंगळ्यानं आंब्याच्या ढोलीत तीन पिल्लं काडली…”

“दोन,” तेजस्वी बाहेरनं म्हणाली.

“आं?”

“दोन वाचली. तिसरं मुंगसानं न्हेलं.”

“मग काडली तीनच की. न्हेलं ते मागनं.”

म्हैस फुरफुरली. “बगा,” तेजस्वी म्हणाली, “तीबी माझ्याच बाजूनं हाय.”

धाकटा भाऊ विश्वजित चहाचा कप घेऊन आला. पुण्याहून कालच पोचला होता, आणि दरवर्षीसारखा आल्या आल्या खोकत होता. “दादा, कशाला एवढं पाठ करतोस? मोबाईलवर बोल आणि राईच्या ग्रुपवर टाक. दुबईतली पण ऐकतील.”

“आणि ‘हाय’ कोण म्हणणार? तू अंगठा दावणार व्हय?”

तेजस्वी हसली. मग हसणं आवरून तिनं खोबऱ्याची वाटी बाजूला ठेवली. “आत्यांनी काल सांगितलं त्याचं काय ठरलं?” सासूला ती आत्या म्हणायची.

दोघं भाऊ गप्प झाले. आणि असे सारखे गप्प झाले की तेजस्वीला कळलं, यांचं आपल्यामाघारी बोलणं झालेलं आहे.

“वैनी,” विश्वजित म्हणाला, “आण्णांना जाऊन वरीस न्हाय झालं. लगीच त्यांचा शब्द मोडायचा?”

“भावजी, तुमचं नाव दरसाल घेत्यात. तुमच्या वाटचं ‘हाय’ आत्या म्हणत्यात. खीर डब्यातनं पुण्याला येत्या. नाव न घेतलेल्या माणसाचं तुमाला काय ठावं?”

“मी काय बेहड्याला कोयता लावला न्हवता.”

“तिनं हौसेनं लावला व्हय?”

तेजस्वी त्या वेळी या घरात नवी होती, पण तिला सगळं आठवत होतं. अनुजा माहेरपणाला आली होती. तिचा यशराज तेव्हा नुकता चालायला लागलेला. घरावर आलेल्या बेहड्याच्या फांदीला आग्यामोहोळ होतं, आणि एका दुपारी पोर अंगणात असताना माश्या उठल्या. पोराचं तोंड सुजून डोळे मिटले. दवाखान्यात काढलेल्या रात्री अनुजानं कशा काढल्या ते तिचं तिला माहीत. पोर वाचलं. परत आल्यावर, आण्णा परगावी एका बारशाला गेलेत असं बघून, तिनं माणूस बोलावला, धूर केला आणि मोहोळासकट फांदी तोडून टाकली.

संध्याकाळी आण्णा आले. फांदीकडं बघितलं. पारावर उभं राहून, सगळी राई ऐकत असताना म्हणाले, “जिनं बेहड्यावर कोयता घातला तिचं नाव मी राईत घेणार न्हाय.”

आणि अनुजा आण्णांचीच पोरगी. पदराखाली पोर घेऊन म्हणाली, “नगा घेऊ. मग मीबी राईतलं पाणी पिणार न्हाय.” तशीच निघाली आणि नेसरीला सासरी गेली. भाद्रपदात बापाला शेवटचं बघायला आली, तेव्हाही तेजस्वीनं पुढं केलेला तांब्या तिनं दोन्ही हातांनी बाजूला सारला होता. रडत होती, पण सारला.

“मला त्यातलं काय सांगू नगा,” गोठ्यातनं अमरसिंह म्हणाला. “आण्णा म्हणत हुते तसंच म्हणणार. अक्षर हिकडचं तिकडं करणार न्हाय.”

“बरोबर हाय,” विश्वजित म्हणाला. “शब्द म्हंजे शब्द.”

“तू गप रं!” अमरसिंह एकदम बाहेर आला. हातात शेणाची पाटी होती. “शब्द राखायला तू कुटं असतोस हितं? वरसातनं एकदा येतोस, खोकतोस, आणि आमालाच सोवळं शिकवतोस.”

“अरे, मी तुझ्याच बाजूनं बोलाय लागलोय की!”

“माझ्या बाजूनं बोलायला माझी म्हस हाय.”

तेजस्वीनं खोबरं पुन्हा हातात घेतलं. नवऱ्याचा आवाज चढला की तो कुठंतरी डगमगलेला असतो, हे तिला ठाऊक होतं. पण डगमगलेला माणूस कुठल्या बाजूला पडेल, हे कुणी सांगावं?

*

अमरसिंह पारापाशी आला तेव्हा कीर्तन रंगात आलेलं होतं. बुवा कृष्णाच्या शिदोरीवर बोलत होते. कोणाच्या फडक्यात काय होतं, कोणाची भाकरी शिळी होती, आणि देवानं सगळ्यांचं कसं एकत्र कालवलं. टाळकरी डुलत होते. एरवी अमरसिंहाच्याही डोळ्यांत इथं पाणी यायचं. आज त्याला त्यात नुसती भाकरी आणि फडकी ऐकू येत होती.

पाराच्या कडेला मीरासाब सनईच्या तोंडाचं पान ओठांत भिजवत बसले होते. काल्याला सनई मीरासाबच्या घराची, हे त्यांच्या आज्यापासनं चालत आलेलं.

“काय लेका, घशाला कोरड पडली व्हय?”

“चाचा, बाचा शब्द मोडू का आईचा?”

“मला इचारतोस? माझं काम वाजवायचं.” मीरासाबनी वर बघितलं. बेहड्याच्या शेंड्याजवळ मोहोळ लोंबत होतं, काळंभोर, ताटाएवढं. म्हणून तर चुली वाऱ्याच्या खालच्या अंगाला, पार लांब खणल्या होत्या. “माश्यांचं बग. फांदी तोडली, धूर केला, पोळं जाळलं. दुसऱ्या थंडीत परत आल्या. खालची फांदी न्हाय, तर वरची. कुणी बोलवायला गेलतं व्हय त्यास्नी?”

“म्हंजे नाव घेऊ म्हणता?”

“मी कुटं म्हणालो? दरसाल आण्णाला म्हणायचो, घे की पोरीचं नाव. त्यो म्हणायचा, मीरासाब, तू सनई वाजव. मग मी वाजवायचो.” मीरासाबनी सनई मांडीवर आडवी ठेवली. “तू आपला आण्णासारखंच म्हण. पहिलं वरीस हाय. आपलं डोकं लावाय जाशील आणि सगळंच इसरशील.”

हंडी फुटली. दही-लाह्यांचा काला लोकांनी हातावर घेतला, डोक्याला लावला. बुवांनी वीणा उतरवली, आणि सगळ्यांनी वळून अमरसिंहाकडं बघितलं.

*

झुंबरबाई बायकांच्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या. लेकानं पारावर पाय ठेवला तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. बघायचं नव्हतं. ऐकायचं होतं.

“चैतात करंज फुटला. वैशाखात पिंगळ्यानं आंब्याच्या ढोलीत तीन पिल्लं काडली, त्यातली दोन वाचली…”

बाईंनी मनात म्हटलं, सुनेचं ऐकलं तर.

“मिरगाच्या आधी काजवं आलं. आषाढातल्या वाऱ्यात वड्याच्या पाण्याकडंचा उंबर पडला. कुणाच्या घरावर न्हाय पडला. आजची खीर त्याच्याच जाळावर हाय. भाद्रपदात आण्णा गेलं.”

लोकांनी बसल्या जागी हात जोडले.

“कार्तिकात पहाटंचा गवा आला हुता. वड्यावर पाणी पिला. कुणाच्या हातात मोबाईल न्हवता म्हणून सुखानं गेला.”

लोक हसले. झुंबरबाईही हसल्या. आवाज बापाचाच होता. वाक्य संपताना वर ओढायची ती ओढही बापाचीच. डोळे मिटलेले असले म्हणजे माणूस गेलेलं आहे की नाही ते नक्की सांगता येत नाही.

मग नावं सुरू झाली.

“आक्काच्या घरचा सयाजी, दुबईत.”

“हाऽय!” आक्का अशी ओरडली की सयाजीनं तिथनं वळून बघावं.

“मीरासाबच्या घरचा मोहसीन, हुबळीत.”

“हाय,” त्यांच्या घरातनं नजीरा म्हणाली.

एकेक घर झालं. आपलं घर शेवटी घ्यायचं, ही पण रीत.

“आमच्या घरचा विश्वजित, पुण्यात.”

“हाय,” झुंबरबाई म्हणाल्या.

“समोर बसून खोकतोय की!” मागनं कोणीतरी ओरडलं आणि पुन्हा हशा झाला. हशा विरला. आता अमरसिंह ‘बोला पुंडलिक वरदे’ म्हणणार आणि पंगत बसणार. मीरासाबनी सनई उचलून ओठांशी धरली. बायकांनी पदर खोचले. पोरं वाढप्यांच्या दिशेनं सरकली.

आणि अमरसिंह थांबला. मान थोडी खाली, नजर पाराच्या दगडावर.

झुंबरबाईंनी डोळे उघडले. हे थांबणं त्यांच्या ओळखीचं होतं. आठ वर्षं नवरा याच जागी थांबत आला होता, आणि आठ वर्षं त्या थांबण्यात त्या मनातल्या मनात उत्तर देत आल्या होत्या. नवऱ्याला कधी सांगितलं नाही. त्यानंही कधी सांगितलं नाही. त्या घरात दुधाबद्दल बोलणं व्हायचं, पावसाबद्दल व्हायचं, पाहुण्यांबद्दल व्हायचं. त्यांना वाटलं होतं, ती जागा त्याच्याबरोबर गेली. आणि आता लेक थांबला होता, तितकाच, तसाच, मान तेवढीच खाली घालून.

“हाय,” झुंबरबाई म्हणाल्या. मोठ्यानं.

सनई मीरासाबच्या ओठांशीच राहिली. सगळी राई वळून बघू लागली.

“आई,” अमरसिंह गोंधळून म्हणाला, “मी कुणाचं नाव घेतलं न्हाय.”

“न्हाय घेतलंस. थांबलास.”

“ते… आण्णा थांबायचे म्हणून थांबलो. दम घ्यायला थांबायचे.”

“दम?” झुंबरबाई उभ्या राहिल्या. “तुझा बा सगळी घरं एका दमात म्हणायचा लेका. आक्काच्या घरापाशी दम लागला न्हाय, मीरासाबच्या घरापाशी लागला न्हाय, मग आपल्याच घरापाशी कसा लागायचा? इश्वाच्या पाठचं कोण हाय?”

थोरला अमरसिंह, मधला विश्वजित, आणि विश्वजितच्या पाठची अनुजा. हे राईतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

“या अल्ला,” मीरासाब हळूच म्हणाले आणि सनई खाली ठेवली. “मला वाटायचं मला खूण करतोय. सनई उचल म्हणून.”

आक्का पदर सोडून बघत राहिली. तिला वाटायचं, पंगतीची तयारी करा म्हणून थांबतात. पोरांना वाटायचं पळायला सांगतात. बापानं मुलीसाठी ठेवलेली जागा आठ वर्षं सगळ्या राईनं आपापल्या कामाला वापरून घेतली होती.

अमरसिंहाचे ओठ हलत होते. घोकलेलं सगळं संपलं होतं, आणि पुढचं आण्णांनी शिकवलेलं नव्हतं.

“आमच्या घरची अनुजा,” तो म्हणाला. “नेसरीत.”

झुंबरबाईंना उत्तर द्यायचं होतं. आठ वर्षांचं साठवलेलं होतं, पण त्या आधी पदरानं डोळे पुसायला लागल्या. तेजस्वी अर्धी उठली. पण तिच्या आधी पुरुषांच्या रांगेतनं आवाज आला.

“हाय.”

तो विश्वजित होता. मान खाली होती, आणि एकदा म्हटल्यावर त्यानं खोकल्याचं निमित्त करून तोंडावर रुमाल धरला.

*

पंगत बसली. अमरसिंह वाढायला गेला नाही. उंबर पडून झालेल्या खड्ड्याच्या काठावर येऊन उभा राहिला. मागोमाग तेजस्वी आली, मोबाईलवर नंबर काढून त्याच्या हातात दिला आणि परत वाढायला गेली. नणंदेचा नंबर आपल्या बायकोकडं इतकी वर्षं होता, हे त्याला तेव्हा कळलं.

“कोण?” पलीकडं ट्रॅक्टरचा आवाज होता.

“मी. दादा.”

“आई बरी हाय न्हवं?” अनुजानं एकदम विचारलं.

“बरी हाय. सगळी बरी हायत. आज काला हुता.”

“ठावं हाय मला.”

“तुझं नाव घेतलं.”

ट्रॅक्टर लांब गेला. “कुणी?”

“मी. पारावर.”

“बरं केलंस. दादा, राग मानू नगंस. तू घेतलंस, चांगलं केलंस. पर मला ते आण्णांच्या तोंडनं पायजे हुतं. हट्टच केला मी. वाटायचं, या सालाला घेतील, पुढच्या सालाला घेतील. कोण ना कोण राईतनं यायचं हिकडं, त्यास्नी मी इचारायची, खबर झाली का, नावं झाली का. माझं झालं का असं न्हाय इचारलं कधी. आता ते मी कुटनं आणू?”

मग अमरसिंहानं सांगितलं. आईनं काय ओळखलं ते. विश्वजितनंतर आण्णा कसे थांबायचे, आणि आपण ते दम घेणं समजून तसंच पाठ केलं होतं ते. सगळं सरळ सांगता येईना, मागचं पुढं झालं.

“थांबायचे?” अनुजा म्हणाली.

“व्हय.”

“लई?”

“न्हाय, लई न्हाय.”

“म्हंजे किती?”

हे कसं सांगायचं? त्यानं इकडं तिकडं बघितलं. मग म्हणाला, “ऐक.” मोबाईल तोंडासमोर धरून, पारावर म्हणतात तसं, शेवट वर ओढत म्हणाला, “आमच्या घरचा विश्वजित, पुण्यात.”

आणि थांबला.

राईचे आवाज मोबाईलमधनं नेसरीला गेले असतील. करंजाची पानं, पंगतीत कोणीतरी भात मागत होतं ते, भांड्याला डाव लागल्याचा आवाज, आणि वर कुठंतरी माश्यांचं ते एकसुरी गुणगुणणं. पलीकडं श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता. आण्णा जितके थांबायचे तितकाच अमरसिंह थांबला, जास्त नाही, कमी नाही. मग त्यानं श्वास सोडला.

“एवढं,” तो म्हणाला.

त्याला वाटलं फोन कट झाला.

“परत म्हण,” अनुजा म्हणाली.

त्यानं परत म्हटलं. आणि परत थांबला.

श्रोतेहो, त्या दुपारी ते किती वेळा म्हणून झालं, ते त्या दोघांना ठाऊक. खीर पाठवू का, असं त्यानं शेवटी विचारलं, तर ती म्हणाली, “डब्यातनं नगं.” आणि उसाची तोड चालू हाय, गडी खोळंबलेत, असं सांगून तिनं फोन ठेवला. त्यानंतर मकरसंक्रांत गेली. करंजाची पानं गळायला लागली. अजून ती आलेली नाही. झुंबरबाई अंगणात सडा घालताना वळणाकडं बघतात आणि बघितलं नाही असं दाखवतात.

तुमच्याकडं मागणं एवढंच. तुम्हीही कुठं ना कुठं काल्याला बसता. कीर्तन संपतं, आणि गजर व्हायच्या आधी सगळे गप्प असतात असा एक क्षण येतोच. तेवढ्यात पानाकडं बघू नका, वाढप्याकडं बघू नका. तेवढ्यात नेसरीच्या उसात उभ्या असलेल्या आमच्या अनुजाची आठवण करा.